लोंबता थेंब

तीन जणांत एक मायक्रोस्कोप,
आणि तोही आरशाचा.
कोचरेकर तो कपाटातून काढतात तान्ह्या मुलासारखा,
एक हात मानेशी, एक बुडाखाली,
आणि टेबलावर ठेवताना दरवेळी तेच बजावतात:
“बारीक स्क्रू फिरवा. जाड्याला हात लावलात तर काच गेली,
काच गेली की डिपॉझिट गेलं.”

परळच्या या प्रयोगशाळेत उत्तरेचा उजेड भरपूर यायचा, म्हणे.
आता समोर बत्तिसाव्या मजल्यावर क्रेन उभी आहे.
मी आरसा तिरका करत करत
तिच्या पिवळ्या दांड्याच्या बाजूने
आभाळाचा एक तुकडा पकडते.

पहिल्यांदा दिसते ती माझीच पापणी.
मग खिडकीचे गज.
मग एक काळ्या काठाचा, भलामोठा, तेजस्वी गोल.
मी जवळजवळ हात जोडले.
“हवेचा बुडबुडा,” डिमेलो म्हणाला,
जर्नलमधून मान वर न करता.

गवत फिरदौसने आणलेलं, फाइव्ह गार्डनमधून,
माळ्याशी हुज्जत घालून.
पाच दिवस बरणीत कुजलेल्या त्या पाण्याचा
एक थेंब कव्हरस्लिपवर.
चार कोपऱ्यांना व्हॅसलीन,
वर खळग्याची स्लाइड,
आणि झटक्यात उलटी.
थेंब लोंबतो, पडत नाही.
माझा दोनदा पसरला.

डावीकडे सरकवलं की उजवीकडे पळतं,
वर ढकललं की खाली.
हाताला हे पटेपर्यंत अर्धा तास गेला.

आणि मग थेंबाच्या काठाशी,
मळक्या उजेडात,
कणीच्याही कणीएवढं, बिनरंगाचं काहीतरी.
एक नाही. शेकडो.
“मॅडम, हलतंय! जिवंत आहे!”

तळपदे मॅडमनी चष्मा कपाळावर सारला,
वाकल्या, बराच वेळ वाकूनच राहिल्या.
“हलतं ते सगळं जिवंत नसतं गं.
पाणी धक्के मारतंय त्यांना.
शाईचे कणसुद्धा असेच थरथरतात, जागच्या जागी.
स्वतःहून कुठे निघालाय असा एखादा शोध.”

त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.
मी डोळा लावून बसले.
सगळे थरथरत होते, कुणीच कुठे जात नव्हतं.
मीही इथे कशी आले?
मेडिकल अकरा मार्कांनी हुकलं,
मामा म्हणाला मायक्रो घे, पॅथॉलॉजीवाल्यांकडे चिकटशील,
फॉर्मची शेवटची तारीख होती,
आईने पेन दिलं.

मान आखडली.
डिमेलोने दोनदा विचारलं, झालं का तुझं.
तेवढ्यात त्या थरथरीमधून एक निघाला.
सरळ. थबकला, गिरकी घेतली,
भलत्याच दिशेला वळला,
आणि उजेडाच्या काठाबाहेर.
स्लाइड सरकवून मागे जाता आलं असतं.
नाही गेले.

जर्नलमध्ये बांगडी ठेवून वर्तुळ आखलं,
आत पेन्सिलीचे ठिपके,
आणि एक बाण, परिघ ओलांडून जाणारा.
मॅडमनी विचारलं, “आकृती वर्तुळाबाहेर?”
“तो गेला, मॅडम.”
त्यांनी क्षणभर बाणाकडे पाहिलं,
मग त्याच्या टोकाशीच, मोकळ्या जागेत, सही केली.

बाहेर आल्यावर घरी फोन लावायला गेले
तर फोन माझं बोट ओळखेना.
व्हॅसलीन.
ओढणीला पुसून पाहिलं, तरीही नाही.