चार बोटं

मोखोत्लोंगला जुलैत
पाणी नळातच काडीसारखं उभं राहतं.
त्या आठवड्यात आमचं प्रशिक्षण निघालं:
कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षितता,
दोन दिवस, दुपारचं जेवण धरून.

शाळेच्या एका खोलीत आम्ही चौदा जण, सगळे घोंगड्यांत.
गावोगाव फिरणारे, बचत गट बांधणारे,
झरे मोजणारे, संडासाचे खड्डे मोजणारे.
मी सर्वांत नवा, बूटसुद्धा अजून करकरणारे.
खिडक्या बंद, फटींत वर्तमानपत्रं,
मधोमध पत्र्याच्या डब्याची शेगडी.

मासेरूहून आलेले न्ताते फाकिसी
रिकामं खोकं घेऊन उभे राहिले.
ओझं उचलताना कंबर नाही, गुडघे वाकवा.
खोकं उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं.
लेबेको माझ्या कानाशी म्हणाला,
गेल्या साली एका बाळंतिणीला दरवाजावर घालून
आम्ही डोंगर उतरलो, चार तास,
तेव्हा गुडघे कुठे होते नि कंबर कुठे
देव जाणे.
बाई वाचली.
दरवाजा अजून परत मागतात.

मग फळ्यावर प्रश्न: धोका म्हणजे काय?
कुत्री, म्हणालं कोणी.
बर्फावर घसरणारं घोडं.
चढलेली नदी.
ज्याच्या बायकोचं खातं आपण उघडून दिलं
तो प्यालेला नवरा.
न्ताते लिहीत गेले, वळणदार अक्षरात,
पुढे रकाना शक्यतेचा, त्यापुढे गांभीर्याचा.
दोनदा त्यांनी कपाळ चोळलं.
नदी लिहिताना खडू मोडला.
माझ्याही डोक्यात कोणी जातं फिरवत होतं,
मला वाटलं, जेवण अंगावर आलं.

तेव्हा मे मात्सेलिसो उठल्या.
खिडकीपाशी गेल्या, वर्तमानपत्राचा बोळा ओढून काढला,
आणि खिडकी चार बोटं उघडली.
वारा आला तो थेट दातांत.
"मे, थंडी..." न्ताते म्हणाले.
"असू दे."

आणि पाठमोऱ्याच बोलत राहिल्या:
"शेगड्या आपल्याच होत्या.
वरच्या कुरणांवर, गुराख्यांच्या दगडी खोपट्यांत.
बर्फ लवकर पडला त्या साली, योजना चांगली होती.
एकवीस शेगड्या मी घोड्यांवरून नेल्या,
एकेकाचा अंगठा घेतला कागदावर.
पोरं खूश. एकानं तर शेगडीचं नाव ठेवलं, मावशी.
मी सांगितलं, ऊब बाहेर जाऊ देऊ नका रे.
हे पत्रकात नव्हतं. हे मी सांगितलं.
सतराव्या आणि अठराव्या अंगठ्याचा
त्या रात्री डोळा लागला.
सकाळी मेंढ्या दाराशी ओरडत होत्या,
खूप वेळ."

कोणी खोकलंसुद्धा नाही.
वाऱ्यानं कोळसा उलट फुलला.
न्ताते फाकिसींनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला,
शेगडी नव्हती त्यात.
त्यांनी ती लिहिली.
शक्यतेच्या रकान्यात खडू टेकवला
आणि तसाच धरून ठेवला.
मग त्यांनी आणि लेबेकोनं
शेगडी उचलून व्हरांड्यात नेली,
गुडघे वाकवून.

प्रमाणपत्र मिळालं, ऑफिसात कुठेतरी असेल.
आता वर गेलो की खुशाली विचारायच्या आधी
मी भिंत बघतो.
वाऱ्याच्या आडोशाचा एक दगड काढतो,
चार बोटं घालून पाहतो.
पोरं कुरकुरतात. मी वळलो की
दगड परत बसवतात, हे मला
दुसऱ्या खेपेला कळलं.
म्हणून आता दगड खोगिराच्या पिशवीत टाकून
खाली घेऊन येतो.

ऑफिसच्या पायरीशी अकरा झालेत.
मे मात्सेलिसो काही विचारत नाहीत,
येता-जाता मोजतात.