एक फळी रबराशिवाय

दक्षिण मोराव्हियात, जिथे गाव संपता संपता
द्राक्षांच्या ओळी सुरू होतात,
ह्लोबिलांनी मला स्वयंपाकघरात उभं केलं
आणि फरशीवर टाच आपटून म्हणाले,
"इथे. ह्याच्या खाली."

घर पाहावं बांधून, म्हणतात.
बांधून झालेल्या घराखाली खोदून पाहावं,
तेव्हा कळतं कोण कशावर उभं आहे.

मी वही काढली.
बाटल्या किती? दोनशे बारा.
पायऱ्या किती उंच?
"माझे गुडघे मोज," म्हणाले.

उत्तरेची भिंत धरली. तिच्यापलीकडे नुसती माती
आणि शेजारणीच्या अक्रोडाची मुळं.
उन्हाळा तिथवर झिरपेपर्यंत
वर बर्फ पडू लागतो.
बारा अंश. खरं तर चौदाही चालतात,
पण जे असेल ते टिकावं.
वाइनला गारठा लागतो असं नाही,
तिला धरसोड सोसत नाही.

ओल हवी, पण हवेत. भिंतीत नको.
म्हणून वाफ अडवणारा पडदा गरम बाजूनं,
हे रादिमला मी तिसऱ्यांदा सांगितलं
आणि त्यानं तो उलटा लावला.
काढला. पुन्हा लावला. एक दिवस गेला.
ह्लोबिलांनी सगळ्यांना बटाट्याचं सूप वाढलं.

खाली खडी, फरशी नाही.
आठवड्यातून एकदा झारीनं पाणी शिंपडायचं,
रोपांना घालतात तसं.
उगवायचं काही नाही, नुसतं मुरायचं.
बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं.
उभ्या बाटलीचं बूच सुकतं, आक्रसतं,
मग ती चोरून हवा आत घेते
आणि आंबत जाते मनातल्या मनात.

दिवा एकच, पिवळा.
रंगाचे डबे, लसूण, रॉकेल, काही आणायचं नाही खाली.
वास इथे पाहुण्यासारखे येतात
आणि घरजावयासारखे राहतात.

राहता राहिला हादरा.
घरामागे दोनशे पावलांवर रूळ.
रात्री दोन चाळीसला कोळशाची मालगाडी जाते
आणि कपाटातल्या बश्या
एकमेकींच्या कानाला लागतात.
एकतीस वर्षं ह्लोबिलांनीच तिला हिरवा दिवा दाखवला.

मी म्हटलं, अशानं गाळ वर येतो, वाइन दमते.
प्रत्येक फळीखाली रबर घालू, बोटभर जाड.
त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले,
"एक सोड."
"कुठली?"
"तळची, डाव्या कोपऱ्यातली. तिच्याखाली नुसता दगड."

आणि वरून एक बाटली घेऊन आले,
लेबल उंदरांनी खाल्लेलं.
ओतिलिएनं आणली होती ही, लग्नाच्या आधी,
सिग्नलच्या केबिनमध्ये, लिव्हरांच्या मागे ठेवलेली.
बढती मिळाली की फोडू, म्हणाली होती.
बढती आली नाही.
केबिन पाडली.
तिलाही आता नऊ वर्षं होतील.

मी बाटली दिव्यासमोर धरली.
पातळी खांद्याच्या खाली उतरलेली,
रंग कालच्या चहाचा.
हे काय झालंय ते सांगायचे मी पैसे घेते.
त्या दिवशी फुकट गप्प राहिले.

"हिला सवय आहे," ते म्हणाले,
"गाडी गेली नाही तर झोप लागायची नाही."

नकाशावर मी दोनशे अकरा घरं रबरावर काढली
आणि एक दगडावर.
रादिमनं बोट ठेवलं: इथे चुकलंय का?
नाही, म्हटलं. मोजून काढलंय.

बिलातून रबराचा एक तुकडा वजा केला,
अठरा कोरुना.
ह्लोबिलांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली,
सही केली,
आणि जुन्या सवयीनं सहीपुढे वेळ टाकली:
चार सत्तावन्न.