सहावी ओळ

चिलोएच्या पूर्वेला, नकाशातल्या टिंबाएवढ्या बेटावर
एक शाळा, एक वर्ग, एक बाई: मी.
पहिलीपासून सहावीपर्यंत सगळी मिळून सहा मुलं
आणि मधोमध लाकडाची शेगडी,
जिच्या कठड्यावर लोकरी मोजे वाळत असतात
इतिहासाच्या तासालासुद्धा.

जूनमध्ये छपरावर तबकडी बसली.
बोटीतून आलेल्या साहेबांनी संगणक उघडून दिला,
"बाई, आता पाठाचं टाचण हा काढील,"
आणि ओहोटी लागायच्या आत निघून गेले.

सव्वीस वर्षं टाचणं मी हाताने काढली.
रविवारी संध्याकाळी, बटाटे उकडत ठेवून.
सहा इयत्ता, सहा रकाने.
कधी मागच्याच वर्षीचं, तारीख बदलून.
खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी यंत्राला लिहिलं: वजन आणि मापं, एक तास.
उत्तराआधी त्यानेच विचारलं:
मुलं कोण आहेत? प्रत्येकाबद्दल एक ओळ पुरे.

इन्स्पेक्टरने हे कधी विचारलं नव्हतं.
लिहीत गेले.
मायकोल: वाचताना बोट ठेवतो, बोट काढलं की अडखळतो.
यानिरा: उत्तर येत असतं, पण आधी दुसऱ्याचं चुकू देते.
अलिरो: पहाटे बापाबरोबर शिंपल्यांच्या दोरांवर. दहापर्यंत झोपेत.
जुळ्यांतला ओमार: डावखुरा.
जुळ्यांतला एल्मर: तोही, पण लपवतो.
अयेलेन:

आणि पुढे ती उभी काडी लुकलुकत राहिली.

"वही स्वच्छ" लिहिलं. खोडलं.
"शांत" लिहिलं. ते तर भिंतीबद्दलही लिहिता येईल.
तीन वर्षं ती खिडकीशी बसते.
तीन वर्षं मी हजेरीत नाव घेते, ती "हो" म्हणते,
आणि आमचा हिशेब तिथेच चुकता होतो.
बटाट्यांचं पाणी आटलं. भांडं करपल्याचा वास आला.
सहावी ओळ रिकामी ठेवून मी कळ दाबली.

टाचण आलं. बरं होतं.
उद्दिष्टं, साहित्य, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे,
थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायची जागाही,
जी सुचायला मला निदान पाच वर्षं लागली होती.
तळाशी एक प्रश्न: सहावं मूल?

साहित्यात लिहिलं होतं: घरातलं कुठलंही जुनं माप.
मी अल्मुद नेला, बटाटे मोजायची लाकडी पेटी,
आणि सरळ खिडकीपाशी जाऊन
पोरांच्या खुर्चीत बसले, गुडघे हनुवटीला.
"तुमच्याकडे आहे का असा?"

ती बाहेर बघत राहिली. खाडीत एक होडी वळत होती.
पुढचा प्रश्न मी गिळला.
होडी वळली, दिसेनाशी झाली.

"दोन आहेत," ती म्हणाली.
"एक घ्यायचा, एक द्यायचा.
द्यायच्याला तळाखाली आणखी एक फळी आहे.
आजोबांनी ठोकलीय. एवढी."
चिमूट करून दाखवली.
"शंभरामागे साडेचार अल्मुद उरतात.
मी मोजलंय."

टाचणात त्या वेळेला होतं:
प्रमाणित मापाची गरज, यावर चर्चा.
चर्चा बिर्चा काही झाली नाही.
मला हसू फुटलं. ती आधी दचकली,
मग तीही हसली, आणि तिचा पुढचा दात
अर्धा तुटलेला आहे हे मला
तिसऱ्या वर्षी कळलं.

रात्री यंत्राने विचारलं, पाठ कसा झाला?
सहावी ओळ भरली:
अयेलेन: हिशेबात पक्की. खिडकीपाशीच बसू द्यावी.

फळीचं काही लिहिलं नाही.
बेट लहान आहे,
आणि या हिवाळ्यात तिच्या आजोबांकडून
तीन अल्मुद बटाटे
मीही घेतलेत.