मधला काटा

आजचा सामन तोराओनं धरला.
म्हणजे गळ त्याचा, जागा त्याची, भरतीचा अंदाज त्याचा,
आणि दोरी ओढायला शेजारचे कुराहाशी,
ज्यांचे अजून दोन्ही हात चालतात.

मागच्या दारी नळाशी फळी टाकली,
खाली परवाचं वर्तमानपत्र, हवामानाचं पान वर.
ओखोत्स्कवरून वारा, लाटा दीड मीटर.
सव्वाचार किलो. मादी.
नदीत शिरायच्या आत सापडली म्हणून अजून चांदीची,
आठवडाभर उशीर, की अंगावर जांभळट पट्टे उठले असते
आणि मांस फिकट, पाणचट.

बेचाळीस वर्षं हे काम त्याचं.
मला मासा कळतो तो तुकड्यांपासून पुढे:
मीठ किती, मिसो कधी, कोबी कुठल्या उकळीला.
त्याआधीचं सगळं त्याच्या उजव्या हातात होतं.
आणि उजवा हात फेब्रुवारीपासून मांडीवर निजलाय,
कुणी तासाभरासाठी सांभाळायला ठेवून गेलेल्या
पोरासारखा.

तो स्टुलावर. मी सुरी घेऊन उभी.
"शेपटीकडून डोक्याकडे, मित्सुए. उलट्या अंगानं."
खवले उडतात,
नळावर, माझ्या चष्म्यावर,
एक त्याच्या भुवईवर जाऊन बसतो.
मी सांगत नाही.

"आता पोट. टोक उथळ धर.
आत पैसे आहेत असं समज."
पोट उघडतं, आवाज न करता,
आणि गाबोळी दिसते, दोन लांब पिशव्या,
इतकी केशरी की माझ्या थंड बोटांना
उगाच ऊब आल्यासारखी वाटते.
कोमट मिठाच्या पाण्यात सोडते.
एक दाणा पापुद्र्यातून सुटून फळीवरून घरंगळतो,
मांजर बघतं, मीही बघते.
हा दाणा नदीला जायचा होता.
तोराओ म्हणतो, "नळ चालू आहे."

कण्याला चिकटलेलं काळं रक्त चमच्यानं खरवडायचं,
टाकायचं नाही, मीठ लावून बरणीत.
त्याची आई तर नाकाडातली कूर्चासुद्धा
कागदासारखी चिरून व्हिनेगरमध्ये घालायची
आणि सुनेला मोजून तीन फोडी द्यायची.
(सुनेनं त्या मोजल्या होत्या.)

डोकं वेगळं केलं.
आता खरी परीक्षा.
"सुरी ढकलू नको. काट्यावर टेकव, नि ऐक."
टेकवली. ओढली.
टक, टक, टक,
कंगव्याच्या दातांवरून नख फिरावं तसं
एकेक बरगडी हाताला आपलं नाव सांगत गेली,
आणि एक बाजू अलगद निघाली, अखंड, गुलाबी.
मी त्याच्याकडे पाहिलंही नाही, इतका मला गर्व झाला.

दुसऱ्या बाजूला मासा घसरला.
आवाज बंद झाला.
सुरी मांसातच भरकटत राहिली,
किती वर, किती खाली, काही कळेना.
तो बोलला नाही.
फक्त त्याचा डावा हात हवेत जरासा तिरका झाला,
तेव्हा मीही सुरी तिरकी केली,
पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं:
मधल्या काट्यावर बोटभर मांस तसंच,
आणि तुकडा असा, जणू कुणी दातांनी फाडलेला.

चांगली बाजू कुराहाशींकडे दिली. रीत आहे.
फाटकी बाजू मीठ लावून उद्याला.
काटा तसाच पातेल्यात,
मुळा, बटाटा, कोबी, शेवटी मिसो.

जेवताना तो डाव्या हातात चमचा धरून
काट्यावरचं मांस सोडवत राहिला, खूप वेळ.
मग म्हणाला,
"माझे काटे फार कोरडे असायचे.
बेचाळीस वर्षं तू पाण्यालाच चव आणत होतीस."

मी आणखी एक वाटी वाढली.
भुवईवरचा खवला सुकून
दिव्याच्या उजेडात अधूनमधून चमकत होता.