पाणसळ

मारुती चौकातून आत वळलं, की
भडंगाच्या दुकानावर माझा जिना.
पाटीवर नाव इंग्रजीत आहे, पण खालचा भडंगवाला
गिऱ्हाइकाला अजून तसंच सांगतो,
"गोंदणारीण ना? वर. तिसऱ्या पायरीला जपा."

तिसरी पायरी पुरात सैल झाली, ती अजून हलते.

पोरं येतात. नावं घेऊन येतात,
वर्षाभरानं तीच नावं झाकायला येतात.
मी नावावर मोर बसवते, कधी मोरावर गरुड.
आष्ट्याच्या एका बाईला अंगठीच्या जागी
नुसता ठिपका हवा होता. का, ते विचारलं नाही.
आमच्यात विचारत नाहीत.
माझी आत्या औदुंबरच्या जत्रेत
तीन सुया दोऱ्यानं बांधून बसायची.
बाई कितीही कळवळली तरी
"रडू नको" म्हणायची नाही.
म्हणायची, घरात हिला रडायला कारण लागतं,
इथं मी देते. चार आण्यात.

एवढं सगळं मला पाठ होतं,
तरी भूपाल मगदूम आला तेव्हा कळेना.

हळदीच्या अडतीत तोलार. नखं पिवळी,
खिशात टेप, हातात
कुणा गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ.
चपला जिन्याखाली काढून आलेला.
म्हणाला, "रेघ काढायची. एकच.
टाचेपासून चार फूट, वर अर्धा इंच.
अनवाणी मोजा. त्या दिवशी पायात काही नव्हतं."

रेघ बरगड्यांवर येत होती.
तिथं कातडी पातळ, खाली लगेच हाड,
पैलवान गडी तिथं आईला हाक मारतात.
मी म्हटलं, दंडावर घ्या की,
हात खाली सोडला तर दंडही त्याच उंचीला येतो.

"हात वर होते," तो म्हणाला.

वर काय होतं तेही सांगितलं:
हातांवर धाकटी, दातांत रेशन कार्डाची पिशवी.
रेघेखाली काय होतं
ते सांगितलं नाही.

"पण भिंतीवर खूण असंल ना?"
गल्लीत सगळ्यांनीच मारून ठेवलेली, तारीख घालून.
"मालकानं औंदा रंग काढला. पिस्ता कलर.
कामावरनं आलो, तर भिंत कोरडी."

सुई लावली.
त्यानं डोळे मिटले नाहीत, समोरच्या कॅलेंडरातले
रविवार वाचत राहिला.
दुखतंय का, विचारलं.
"त्या दिवशी काहीच दुखलं नाही हो.
पाणी गार. सगळं अंग बधीर.
संध्याकाळी छावणीतला भात खाल्ला,
तर चवीला लागला.
ते दुखायचं तेवढं राहिलंय.
तोलार माणूस मी, बाकी ठेवून चालत नाही."

श्वासागणिक रेघ हलत होती.
मी म्हटलं, जरा श्वास धरा.
त्यानं धरला.
सहा बोटं ओढून झाली, सुई उचलली, पुसलं,
तरी सोडेना.
सोडा, म्हटलं.
"सोडा की आता!"
मीच ओरडले. खालनं भडंगवाल्यानं विचारलं,
काय झालं गं?

झाल्यावर पाणसळ त्यानंच लावून बघितली.
बुडबुडा मधोमध.
मग श्वास घेतला, तसा एका अंगाला सरकला.
परत आला.

पैसे मोजून दिले. शर्ट घालताना
दुसऱ्या बटणाशी थांबला.
"म्हातारपणी माणूस वाकतो. उंची उतरते म्हणतात.
मग माप चुकंल."
मी सुया गोळा करत होते,
तोंडाला आलं ते बोलून गेले:
"चुकंल कशानं? पाणी उतरलं म्हणायचं."

बराच वेळ तो तिथंच उभा.

मग जिन्यावरनं आवाज आला,
तिसऱ्या पायरीचा.
मग चपलांचा.