भाड्याची लेन्स

आषाढात देव झोपले की माझा धंदाही झोपतो.
चार महिने धुळ्यात कुणी कुणाला हार घालत नाही.
मालेगावच्या अन्सारीची मोठी लेन्स
तेवढ्या दिवसांत अर्ध्या भाड्यात मिळते.
वहीत पुढची नोंद एकच: तुळशीचं लग्न, मग बघू.

हस्ताचे शेवटचे दोन दिवस गडगडून गेले
आणि रविवारी पहाटे ओम्नी काढली.
मागे मांडवाच्या झालरीचा तुकडा अजून अडकलेला,
शेजारी साहेबराव, लग्नात माझा लाइट धरणारा,
मांडीवर डबा: कळण्याची भाकरी, ठेचा, दोन कांदे.

लळिंगच्या कुरणात गवत कमरेला लागतं,
शेंड्याला पिवळं, बुडाशी ओलं.
कुसळं मोज्यांतून थेट पोटरीत.
खाली घाटात ट्रक गिअर बदलतायत,
वर एक टिटवी तेच ते भांडण उकरून काढतेय.

हिरा मारनर धोंड्यावर बसला होता,
उतारावर त्याची मेंढरं, दोन कुत्रे.
त्यानं विचारलं, यातून किती लांबचं दिसतं?
म्हटलं, मांडवाच्या या टोकावरून
त्या टोकाच्या नवरीचं काजळ.
तो हसला नाही.
म्हणाला, आणि वास?

दोन तासांत मी सतरा लांडगे पाहिले.
सोळा दगड निघाले.
सतरावा उठून चालू लागला,
तर तो हिराचा कुत्रा.

मग साहेबराव, बोट न दाखवता, ओठ न हलवता:
भाऊ, मांगे देख.
ती कवयनी आपलालेच देखी ऱ्हायनी.

बाभळीखाली, चाळीस पावलांवर.
मादी. पावसाळाभर पिलांनी ओढलेली पोटाची कातडी,
एक कान फाटका, पायांना वाळलेला गारा.
लेन्स वळवली तर नुसता चेहराच मावला,
आणि चेहऱ्यात ते डोळे, ताकाच्या निवळीसारखे.
नवऱ्यांना सांगावं लागतं, इकडे बघा,
हनुवटी खाली, श्वास सोडा.
हिला काहीच सांगायचं नव्हतं.
माझीच पापणी लवली दोनदा.
कुत्रे गुरगुरत तिच्याकडे तोंड करून उभे,
हिरा काठी उगारून उभा,
साहेबराव, सवयीनं, हात वर धरून उभा,
हातात लाइट नसताना.

तेवढ्यात पलीकडून, नाल्याकडून,
अर्धंच ऐकू आलं: में

लग्नात सगळे स्टेजकडे बघत असतात
तेव्हाच आतल्या खोलीतली बॅग जाते.
वीस वर्षं मी हे पाहिलंय.
पोलिसांना फुटेज काढून दिलंय.

हिरा धावला, दगड मारले, शिव्या घातल्या.
नाल्यात गवत नुसतं हलून थांबलं होतं.
बाभळीखाली वळून बघितलं, तिथं बाभूळच.
त्यानं मेंढरं मोजली, मग परत मोजली,
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
रोज मी त्यांच्याकडे बघतो.
आज तुझ्याकडे बघत होतो.

खिशात साडेतीनशे होते.
त्यानं घेतले. घ्यायलाच हवे होते.
भाकरी मात्र तिघांनी एकाच फडक्यावर खाल्ली,
ठेचा कमी पडला.
दिवाळी झाली की सुरतेकडे उतरणार, तो सांगत होता,
आणि हे दोघंही येतात मागून,
एक मुक्काम सोडून.
त्यांना काय, भांडी नाहीत, घोडा नाही.

लेन्स पुसून परत केली.
अन्सारीनं काचेवरचं एक कुसळ नखानं काढलं,
विचारलं, मिला कुछ?
मी म्हटलं, हो, एक फोटो.
तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.
चांगला आलाय.

तुळशीचं लग्न झालं. तारखा भरल्या.
आता अक्षता पडू लागल्या की
मी एकदा कॅमेऱ्यासकट मागे वळतो.
साहेबराव न सांगता लाइट वळवतो.
वरपक्ष तक्रार करतो,
ऐन मुहूर्ताला दोन सेकंद नवरा-नवरी नाहीत,
फक्त मांडवाचा मागचा पडदा आहे,
खालून थोडासा उचललेला.