खोक्यावरची तीट

पहिल्या रात्री आम्ही दोघं पालथे पडून,
हनुवटी पलंगाच्या काठावर टेकवून,
पुठ्ठ्याच्या खोक्यात बघत होतो.
छाती हलते का? हलते.
आता?
हलते.
आता?

खोकं इथल्या सरकारनं पाठवलेलं.
आत झबली, लंगोट, भिंतीला लावायचं थर्मामीटर
आणि तळाला बेतलेली टणक गादी.
सामान उपसलं की तोच पाळणा.
मिरजेहून आई फोनच्या काचेत जवळजवळ शिरलीच,
"अगं, पोर आहे की आंब्याची पेटी?"

पेटीच म्हण, आई.
फक्त आढीचं गवत नाही. उशी नाही.
तू पाठवलेली गोधडी नाही, मऊ ससाही नाही.
उताणी निजवायची, तळवे खालच्या कडेला,
म्हणजे सरकून पांघरुणाखाली जाणार नाही.
"आणि टोपडं?"
घरात नाही.
उघड्या टाळूखाली काहीतरी लपलपत राहतं,
मी तिकडे बघायचं टाळते.

डंडीत नोव्हेंबरातली दिवेलागण पावणेचारला.
नदीवरून निघालेला वारा
तिसऱ्या मजल्यावर आमच्याच खिडकीची फट शोधतो.
थर्मामीटर म्हणतं अठरा. अठरा ठीक.
आकडा ऐकूनच आईला मिरजेत हुडहुडी भरते.

सहाण कुरिअरनं आली. वेखंड, मायफळ, हळकुंड.
सहा महिने दुधाशिवाय काही नाही, मी म्हटलं.
आई गप्प झाली. ती गप्प फार वेळ टिकली.
आता त्या सहाणेवर मी सुंठ उगाळते,
माझ्याच कपाळासाठी.

सहाव्या रात्री मात्र मोह झाला.
कोरा कागद सापडेना,
गॅसच्या बिलाची पाठ ठेवली, वर निळं बॉलपेन.
निरांजन लावलं नाही;
छतावरचा धुराचा अलार्म
लाल डोळा मिचकावत बसलेला.
सकाळी बिल तसंच कोरं.
खालच्या दाराचा कोड
सटवाईला कोण सांगणार?

अकराव्या दिवशी आरोग्यसेविका आली.
नाव विचारलं. म्हणाली, "आयला."
मला इतकं हसू फुटलं की टाके ओढले गेले.
तिला कसं समजावू?

न सांगता तिनं कोपरापर्यंत हात धुतले.
कपाटामागची काळी बुरशी वासावरून ओळखली,
खोकं आतल्या भिंतीशी सरकवलं.
"रात्री पाजताना सोफ्यावर डोळा लागू देऊ नकोस.
अंग अडतीसला गेलं तर उजाडायची वाट बघू नकोस, फोन कर."
मग म्हणाली, "जेवतेस का? रडतेस का?"
आणि दुसऱ्या प्रश्नानंतर
घाई नसल्यासारखी थांबली.

मी रडून झाल्यावर तिनं लेकीला तोललं.
तिचं पेन उठेना.
मेजावरचं ते निळं उचललं,
लाल वहीत लिहिलं: तीन किलो, चारशे दहा.
जन्माच्या वजनाहून ऐंशी ग्रॅम वर.
मी बिलाकडे बघितलं. काही बोलले नाही.

रात्री काजळाची डबी उघडली.
डोळ्यांत नाही. गालावरही नाही.
बोट खोक्याच्या कोपऱ्याला टेकवलं, बाहेरून.

निनाद कामावरून आला, वाकला,
आणि ओलं फडकं घेऊन धावला,
"बुरशी इथंपर्यंत आली!"
पुसू नकोस, म्हटलं.
आणि तिला उचलायच्या आधी
हात धू.